बाळाच्या मज्जातंतूंची जोडणी

४ जानेवारी १९७१, नेवासा
शाळेच्या वाचनालयात एक इंग्रजी मासिक चाळलं. मूल जन्मतं तेव्हा मेंदूतल्या पेशी असतात, पण त्यांची आपसातली जोडणी बरीचशी नंतर होते. जे वारंवार दिसतं, ऐकू येतं, ती जोडणी पक्की. बाकीच्या गळून जातात. म्हणजे बाळाचे सात महिने फुकट गेले! तेही सायन्स टीचरच्या घरात! उद्यापासून मी स्वतः लक्ष घालणार. पहिला शब्द 'बाबा'. आई काय, सगळीच पोरं म्हणतात. स्टाफरूममध्ये जाहीर करून टाकलं.

५ जानेवारी, पहाटे
कंदील तोंडाशी धरून स्वच्छ उच्चारात 'बाबा'. बाळ दचकून रडलं. सौ. म्हणाली, आवं, लेकराला झोपू तरी द्या. अडाणीपणा.

१९ जानेवारी
सराव चालू. स्वतःच्या छातीला फूटपट्टी लावून 'बाबा' म्हणायचं, लगेच शाळेतून आणलेली घंटा वाजवायची. हल्ली मी दिसलो की रडतं. नवे तंतू फुटताना ठणकत असावं. सौ. म्हणते दात येतोय.

२ फेब्रुवारी
मेहुणा छगन राहायला आलाय. साखर कारखान्याच्या ट्रकवर क्लीनर. सातवी नापास. वडील वारले तेव्हा मिशी काढली, ती पुन्हा ठेवली नाही. स्वतःला हिरो समजतो. बाळाला खांद्यावर घेऊन 'मामा आला, मामा आला' करत नाचतो. माझ्या जोडणीत लुडबूड! समज दिली. तर म्हणे, दाजी, त्ये पोरगं हाय, रेडिओ न्हाई.

२० मार्च
वैताग. हेडमास्तरांनी पुन्हा विचारलं, बोलला का? म्हटलं, बेतात आहे. एकदा कडेवर घ्यावंसं फार वाटतं. येतच नाही माझ्याकडे.
रात्री कारण सापडलं. मिशी! मिशी दिसली की रडायचं, अशी चुकीची जोडणी झालीय. मिशी काढली की काम झालं. सौ. हादरली. म्हणाली, तुमचे वडील धडधाकट असताना मिशी काढतंय का कुणी? शास्त्रापुढे रूढी नाही.

२१ मार्च, रविवार
न्हाव्याने हळूच विचारलं, कोण गेलं? म्हटलं, प्रयोग आहे. त्याला पटलं नसावं.
घरी आलो. बाळ माझ्याकडे बघून खुदकन हसलं. दोन्ही हात पुढे केले! उचलून घेतलं, गालाला गाल लावला. अडीच महिन्यांत प्रथमच. खरं सांगायचं तर डोळे भरून आले. मग ते बोललं. पहिला शब्द. उच्चार अगदी स्वच्छ, शंकेला जागाच नाही.
'मामा.'
मी मागे वळून पाहिलं. छगन घरात नव्हता.