कोरं बोट

८ ऑक्टोबर

अवंतीचा मेलबर्नहून फोन. नऊ वर्षं झाली लेक तिकडे आहे, पण बोलणं सुरू होतं ते अधारतालच्या आमच्या गल्लीतल्या नाल्यापासूनच! निवडणूक आली. तिकडे, कॅनडात, दुबईत पांगलेल्या जबलपूरवाल्यांनी एक गट केला आहे. रविवारी राइट टाउनला आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये पडदा लावायचा, ते तिकडून बोलणार, आपले लोक इकडून. उमेदवारांना काय विचारायचं ते मिळून ठरवायचं. साउंड अर्थातच माझं. नवरात्र तोंडावर, गोदाम रिकामं होत आलं, तरी दोन स्पीकर बाजूला ठेवले.

मजा वाटून राहिली. भाड्याची सायकल आणि दोन भोंगे, एवढ्यावर धंदा सुरू केला होता. तेव्हापासून सगळ्या पक्षांची भाषणं ऐकतो आहे. पण ज्याला ना तिकीट पाहिजे ना ठेका, तो इतक्या लांबून माईक काहून मागतो?

१० ऑक्टोबर

विनीता फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. इतकी वर्षं संसार केला, पण बाईला माझ्या कानांचा अंदाज अजून नाही. फोडणीच्या आवाजातून दोन शब्द आले — "शपथ", "बाबांना".

जेवताना विचारलं. सांगून टाकलं तिनं. पुढच्या महिन्यात अवंती तिकडची नागरिक होणार, समारंभात शपथ घेणार. ती घेतली की इथलं मत गेलं. "तुम्हाला लागेल म्हणून ती सांगून नाही राहिली," विनीता म्हणाली.

लागलं का? कळत नाही. परदेशी राहणाऱ्यानं मत द्यायचं तर स्वतः इथे यावं लागतं. गेल्या दोन्ही निवडणुकांना ती आली होती, सुट्टी काढून. मत एक मिनिटाचं, पण पोरगी आठवडाभर घरात असायची. आता तेही बंद?

१५ ऑक्टोबर, रविवार

हॉल भरला. पडद्यावर अवंती आणि तिच्या गटाचे लोक. अध्यक्ष बापू — फॅक्टरीतून रिटायर झालेला माझा जुना दोस्त. पहिला अर्धा वेळ पडद्यावरचेच बोलले, आपले ऐकून राहिले. मग लक्षात आलं, सवयीनं मी सगळे माईक स्टेजवरच लावले आहेत. समोर बसलेल्याला माईक द्यायचा असतो हे इतक्या वर्षांत सुचलंच नाही. कुठल्या पक्षानं मागितलाच नाही ना!

लांब तार जोडून एक खाली दिला. पहिली उठली शर्मिला. आमच्याच गल्लीतली शिक्षिका, मतदार यादीचं कामही तिच्याकडे, घरोघर मतदानाच्या पर्च्या वाटते. साधंच विचारलं तिनं, "अवंती दीदी, इस बार वोट डालने आओगी ना?"

अवंती गप्प.

लाइन तुटली की स्पीकर एकदम मुका होतो. इथे तिच्या खोलीतल्या फ्रिजची घरघर येत होती. म्हणजे लाइन चालू, पोरगी गप्प. मी मिक्सरचं बटण खाली ओढलं आणि म्हणालो, नेटवर्क गया, भैया. चहा झाला. लोक गेले.

१६ ऑक्टोबर

अवंतीचा फोन. वाटलं होतं, आभार मानेल.

"बाबा, आवाज तुम्ही बंद केला ना? मी सांगणार होते. शब्द जुळवून राहिले होते फक्त."

मी म्हटलं, चारचौघांत तुझी फजिती नको.

"फजिती माझी होती. होऊ द्यायची होती."

पुढच्या रविवारी पुन्हा हॉल.

२२ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं तिनं. शपथेची तारीखसुद्धा.

जवळच्या पनागरहून आमच्याकडे भाजी आणणारा नथ्थू मुद्दाम आला होता. त्यानं लगेच माईक धरला, "तो दीदी, अब हम तुम्हारी काहे सुनें? तुम तो चलीं।" अवंती म्हणाली, मला सांगायचं नाहीच, विचारायचं आहे, आईबाबा अधारतालच्या त्याच गल्लीत राहतात, त्यांच्या दारातल्या नाल्याचं विचारायचा हक्क तर राहील? बापू म्हणाला, माझा गौतम पुण्याला आहे, शपथ नाही, पासपोर्ट नाही, तरी किती वर्षांत इथे मत टाकायला फिरकला नाही. हॉल हसला. मग खरं बोलणं सुरू झालं. कोणी कोणाचं ऐकेना, सगळ्यांना माईक पाहिजे. मला फार बरं वाटून राहिलं होतं.

तेवढ्यात शर्मिला माझ्याकडे वळली. "और आप, अंकल? हर बार आपकी पर्ची घर दे जाती हूँ। दिनभर बूथ के बाहर बैठती हूँ। आपको कभी आते नहीं देखा।"

बटण बोटाखालीच होतं. ओढलं नाही.

सांगितलं. धंद्याचा नेम आहे माझा. सगळेच पक्ष गिऱ्हाईक. बोटावर शाई दिसली की प्रत्येक जण विचारतो, हमें ही दिया ना? काहीही सांगा, एक गिऱ्हाईक दुखावतं. म्हणून बोट कोरं ठेवतो. आजवर एकदाही मत दिलं नाही.



"मी विमानानं येऊन टाकलं, बाबा," अवंती पडद्यावरून म्हणाली. "तुम्ही गल्लीच्या टोकापर्यंत नाही गेले?"

२३ ऑक्टोबर

मतदानाचं बूथ लागतं तिथं, गल्लीच्या टोकापर्यंत, पायी जाऊन आलो.

१ नोव्हेंबर

एका पक्षाचा माणूस भोंगे ठरवायला आला. सहज विचारलं, बाबा रे, तुम्ही लोक माझं बोट खरंच पाहता का? तो म्हणाला, "आपका क्या देखना! आप तो किसी के हैं ही नहीं।"

त्याच्या मते तारीफ होती. दिवसभर कानातून गेली नाही.

८ नोव्हेंबर

मोठा पडदा घरीच लावला. अवंतीनं शपथ घेतली. आवाज स्वच्छ, कुठे कापला नाही. विनीतानं डोळे पुसत विचारलं, आता कधी येशील? ती म्हणाली, आता निवडणुकीची वाट काहून पाहायची?

१७ नोव्हेंबर

मतदान. सकाळीच बूथवर गेलो. आतल्या साहेबानं यादीतून मोठ्यानं पुकारलं — रामराव डोंगरे! बिनमाईकचं. भिंतीजवळ बसलेल्या सगळ्या पक्षांच्या एजंटांनी माना वर केल्या. सगळे माझे गिऱ्हाईक.

मी बोट पुढे केलं.