रायफलीच्या कुशीवरचं तिसरं भोक

प्रिय मामंजी,

तुम्ही असताना तुम्हांला पत्र लिहायची कधी वेळच आली नाही. आली असती तर 'तीर्थरूप' लिहिलं असतं. आज 'प्रिय' लिहिते आहे. रागवाल का?

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पानं उठल्यावर माणसं पडवीत बसली आणि तुमच्या गोष्टी निघाल्या. तुम्ही पलटणीबरोबर बसऱ्याला गेलात, तिथे बंदुका दुरुस्त करायला शिकलात, परत येऊन झाडगावात दुकान मांडलंत, सगळं निघालं. कचेरीतल्या त्या दिवसाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. विषय जवळ आला की कोणीतरी पानाचं तबक पुढे सारी. घराला लागलेला डागच जणू! मला ते सोसलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी या घरात आले तेव्हा बंदुकीकडे बघायलाही भ्यायचे. सासूबाई आधीच गेलेल्या, हे बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी येणार. घरात तुम्ही आणि मी. एकदा फणस चिरता चिरता तुम्हांला चहा द्यायला आले आणि माझा चिकाचा हात एका साहेबाच्या रायफलीला लागला. आता काही खरं नाही, असं वाटलं. तुम्ही खोबरेलाची वाटी पुढे केलीत, मला हात पुसायला लावलात आणि म्हणालात की हात लावलाच आहेस, तर आता नीट बघ तरी.

तेव्हापासून तुम्ही मला बघायला शिकवलंत. दुर्बीण रायफलीच्या डोक्यावर न बसवता डाव्या कुशीला का बसवतात, ते सांगितलंत: वरची जागा मोकळी राहते, काडतुसं वरून भरता येतात आणि दुर्बीण काढली तर साध्या डोळ्यांनीही नेम धरता येतो. त्यासाठी कुशीला आट्यांच्या पेचांनी एक पोलादी पट्टी आवळतात, तिलाच तुम्ही बैठक म्हणायचात. कोणती बैठक कुठल्या देशची, हे तुम्ही पेचाच्या खाचेवरून ओळखत होतात. विलायती कारागिराची खाच केसासारखी बारीक, जर्मनाची रुंद. पुढे पुढे मला त्याची इतकी गोडी लागली, की दुपारी भांडी घासायची ठेवून मी तुमच्या पाटाशी येऊन बसायचे. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, की बाईमाणसाला हे कशाला?

मग तुमचे डोळे गेले. ते तुम्ही सगळ्या गावापासून लपवलंत, पण माझ्यापासून कसं लपणार? पेजेच्या ताटलीत मीठ कुठे वाढलंय ते तुम्ही बोटाने चाचपत होतात. मी काही बोलले नाही. तुमची हत्यारं रोज होती तिथेच ठेवत गेले, एवढंच. आपण दोघंही एकमेकांना फसवत होतो, नाही का?

आणि फौजदार आले. बांधकाम खात्यातल्या एका इंजिनिअरसाहेबांच्या रायफलीची दुर्बीण बैठकीसकट नाहीशी झाली होती. साहेब गुहागरच्या बाजूला शिकारीला गेले असताना रान उठवायला खाडीपलीकडचा धाकू होता. पोलिसांना त्याच्या घरात दुर्बीण सापडली नाही, एक बैठक तेवढी सापडली. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ती त्याने दाराशी ठेवली होती. तो म्हणत होता, की फार मागे एका दुसऱ्या साहेबाने ती मोडकी म्हणून टाकून दिली होती. फौजदारांचं म्हणणं, त्याने दुर्बीण विकली आणि बैठक राहिली. त्यांनी रायफल आणि ती बैठक तुमच्यासमोर ठेवली. मुद्देमाल आहे, पेच लावायचे नाहीत, म्हणाले. नुसतं ओळखून सांगा.

तुम्ही दोन्हींवरून बोटं फिरवलीत. तीन भोकं, डावी बाजू, तीच घडण. “हीच,” म्हणालात.

दुकानाचं लिखाण मीच करायचे, म्हणून तुमचं म्हणणं मी दाराआड बसून लिहून घेत होते. सहीसाठी कागद पुढे करताना माझी नजर रायफलीवर गेली. पट्टीखालचं पोलाद झाकलेलं राहतं, त्याचा निळा रंग तसाच राहतो, हे तुम्हीच शिकवलेलं. त्या रायफलीच्या कुशीवर तसा निळा डाग होता, पण तो बैठकीपेक्षा बोटभर लांब होता. मला दिसलं, मामंजी. स्वच्छ दिसलं. आणि मी गप्प बसले. परक्या पुरुषांसमोर सुनेने बोलायचं कसं, हे एक झालं. खरं कारण दुसरं होतं. मी बोलले असते तर तुम्हांला दिसत नाही, हे सगळ्यांना कळलं असतं.

तुम्ही सही केलीत. धाकूला धरून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको तरीच्या होडीतून खाडी ओलांडून, पुढे चालत आली आणि आपल्या पायरीशी बसली. रडली नाही, काही मागितलं नाही. मी पाणी दिलं ते प्यायली आणि तुमच्याकडे बघत राहिली. तुम्हांला ती दिसत नव्हती. मला दिसत होती. ती गेल्यावर मी तुम्हांला सगळं सांगितलं.

तुम्ही किती रागावलात! दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. कुळथाची पिठी आणि भात तुमच्या आवडीचा, तोही तसाच ठेवून उठलात. मला वाटलं, बोलून चूक केली. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कोट घातलात, पगडी मागितलीत आणि म्हणालात, “चल. तूही चल.”

कचेरीत मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिलात. गावातली निम्मी माणसं तिथे होती. तुम्ही म्हणालात, “साहेब, माझे डोळे गेले आहेत. मी बोटांवर विसंबून चुकीची सही केली. माझ्या सुनेने बघितलंन ते खरं आहे.”

साहेबांनी विचारलं, “म्हणजे तुम्ही न दिसताच सही केलीत?”

“होय.”

मागे कोणीतरी हसलं. तुमचा हात माझ्या खांद्यावर जड झाला, तो भार मला अजून आठवतो.

मग मला पुढे बोलावलं. मी आधी तो निळा डाग दाखवला. साहेबांची खात्री पटेना. बैठकीची भोकं गंजाने बुजली होती, ती मी अंबाड्यातला आकडा काढून कोरली आणि तीन आगकाड्या मागितल्या. बैठक रायफलीच्या कुशीला धरली. पहिल्या भोकातून काडी सरळ रायफलीत गेली, दुसऱ्यातूनही. तिसऱ्या भोकातली काडी पोलादावर अडली. तांदळाच्या दाण्याएवढाच फरक, पण काडी आत जाईना. साहेबांनी स्वतः घालून बघितली, तेव्हा ती मोडली.

हे कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. मी तुमच्याकडे बोट दाखवलं. तुम्हांला ते दिसलं नाही, म्हणून आज लिहून सांगते.

धाकू सुटला. इंजिनिअरसाहेबांची दुर्बीण पुढे सापडली की नाही, मला ठाऊक नाही. कचेरीच्या पायऱ्यांवर तो तुमच्यासमोर हात जोडून उभा राहिला. “तुमी परत आलाव म्हणून मी घरी चाललो,” म्हणाला.

तुम्ही म्हणालात, “मी पहिल्यांदा नीट सांगितलं असतं, तर तू इथे आलाच नसतास.”

चार महिन्यांनी तुमचा दुरुस्तीचा परवाना गेला. आंधळ्याला बंदुका कोण देणार? तुम्ही छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करू लागलात, तीही बोटांनी चाचपून. बसऱ्याला जाऊन आलेला माणूस छत्रीच्या काड्या वळतो, म्हणून हे सुट्टीवर आले तेव्हा कष्टी झाले. मलाही वाईट वाटायचं. एक विचारू? तुम्हांला माझा राग येत होता का? तुम्ही कधी दाखवला नाहीत, आणि विचारायचा धीर मला झाला नाही.

पण मालगुंडचे वकील आले तो दिवस आठवतो? वडिलांची शिकारी रायफल घेऊन आले होते, तिच्यावर कोणती दुर्बीण होती ते त्यांना हवं होतं. तुम्ही जागेवरून हलला नाहीत. “माझ्या सुनेला विचारा,” म्हणालात. मी बघितलं. कोणीतरी भोकं बुजवून, घासून, सगळं पोलाद चकचकीत करून टाकलेलं. डाग नाही, खूण नाही. मी सांगितलं, की यावरून मला सांगता येणार नाही. वकील नाराज होऊन गेले. माझा चेहरा पडला. आणि तुम्ही हसत होतात!

त्या दुपारी तुम्ही भात दुसऱ्यांदा मागून घेतलात. जेवताना म्हणालात, “सांगता येणार नाही, एवढंच मला तेव्हा म्हणता आलं नाही गो. तुला आलं.”

मामंजी, तुम्ही मला उभं केलंत ते भर कचेरीत, आणि त्यासाठी स्वतः आधी खाली उतरलात. याला डाग म्हणणाऱ्यांनी म्हणावं. मी तुम्हांला एक वचन देते: यापुढे मला जे दिसेल ते मी त्याच वेळी बोलेन. समोर फौजदार असो की घरातलं मोठं माणूस, आणि बोलण्याने माझंच माणूस दुखावणार असलं तरीही. तीन दिवस उशीर पुन्हा करणार नाही.

तुमची सून,
यमुना