चौऱ्याण्णव टक्के डावे

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. चपलांच्या कारखान्यात अकरा वर्षं सुपरवायझर आहे. मॅनेजरची जागा रिकामी झालीय. मालक म्हणाले, कटिंगमधला स्क्रॅप जो कमी करेल, त्याला ती देऊ. म्हणजे मलाच. बायकोला सांगून टाकलं. ती म्हणाली, आधी होऊ तर दे. हिला दूरदृष्टी नाही.

४ जून
रबराच्या शीटमधून आम्ही सोल कापतो. मधले तुकडे वाया जातात आणि त्यांची किंमत बिचाऱ्या चांगल्या सोलच्या बोकांडी बसते. सोल कमी निघाले की प्रत्येक महाग. हे मी कटिंगच्या मावशींना अर्धा तास समजावलं. त्या वीस वर्षं हेच काम करतायत. म्हणाल्या, हो का.

६ जून, दुपारी
सापडलं! डावा-उजवा शेजारी ठेवला की मध्ये फट राहते. नुसते डावे उलटसुलट ठेवले तर गच्च बसतात. यील्ड, म्हणजे शीटचा कामी येणारा भाग, शहात्तरवरून चौऱ्याण्णव टक्के! मावशींनी विचारलं, उजव्यांचं काय? म्हटलं, नंतर बघू. मोठ्या कामात फाटे फोडू नयेत.

१० जून
निळ्या चपलांची ऑर्डर सुसाट. उजवे सोल कापायचा साचा, म्हणजे डाय, धार लावायला पाठवून दिली, उगाच कुणाला मोह नको. मालकांनी आकडा बघून पाठ थोपटली. मॅनेजरच्या केबिनमधलं टेबल खिडकीकडे सरकवायचं ठरवलंय.

१३ जून
निळी शीट संपली. चार हजार सोल, सगळे डावे. उजव्यांसाठी नवी शीट आली, तीही निळीच, पण जरा फिकट. मावशी म्हणाल्या, जोड जुळणार नाही. म्हटलं, चार दिवस वापरल्या की सगळ्या सारख्याच दिसतात. बाई फार नकारात्मक आहेत.

१४ जून, संध्याकाळी
मालकांनी विचारलं, एक जोड केवढ्याला पडला? कॅल्क्युलेटर काढला. सगळा खर्च भागिले जोड शून्य. एरर. मग म्हटलं, साहेब, दोन्ही पायांत डावी घालायची सवय होते. ते म्हणाले, चालून दाखवा. दार दहा पावलांवर होतं. चौथ्या पावलाला मावशींनी धरलं म्हणून दात वाचले.

मॅनेजर मावशी झाल्या. सोमवारपासून मी त्यांच्या हाताखाली. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. त्यांनी पहिलं काम देऊनही टाकलंय. त्या चार हजारांतून लहान मुलांचे सोल कापायचे. उजवे आधी.