लोखंडी कपाटातल्या पुस्तकाचा वारस

मी, निवृत्ती भगवानराव चेके, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा वकिली (गुडघ्यांनी बंद पाडली), मूळ राहणार दुसरबीड, हल्ली मुक्काम मेहकर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. जन्मभर पक्षकारांना सांगत आलो, "मृत्युपत्रात मोजकं लिहा, मनातलं घरी बोला." तो सल्ला मी स्वतः पाळणार नाही, कारण घरी बोलून पाहिलं आणि उपयोग झाला नाही.

१. मेहकरचं घर माझ्या कमाईतून बांधलेलं आहे. ते पत्नी सौ. जयमाला हिच्याकडे तहहयात राहील, नंतर मुलगा गोकुळ आणि मुलगी सुचिता यांना समान. "आई, आता थोडे दिवस सुचिताकडे जा, हवापालट होईल," असं कोणी म्हणू नये. हवापालट म्हणून गेलेली म्हातारी माणसं परत आलेली मी फार पाहिलेली नाहीत. बँकेतली ठेव तिचीच. दुसरबीडचं शेत मी स्वतः विकत घेतलेलं आहे, ते गोकुळला.

२. कायद्याची पुस्तकं आणि काळा कोट माझी सहकारी ॲड. छाया हिला. कोटाचा डावा खिसा फाटका आहे, तो शिवून घ्यावा.

३. वकीलमित्र कारभारी यांनी मला बाररूममध्ये "हिटलर वकील" हे नाव ठेवलं आणि ते तालुकाभर चाललं. त्यांना माझ्या पुस्तकाची एक प्रत द्यावी. ते पुस्तक न वाचता नाव ठेवणारे ते एकटे नाहीत, पण चहा माझ्या पैशाने पिऊन नाव ठेवणारे एकटेच आहेत. माझा राग आता गेलाय. जवळजवळ गेलाय.

४. आता त्या पुस्तकाचं. त्याचं नाव "किल्ली दारातच ठेवा". दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातून एक कोटीहून जास्त जर्मनांना घरंदारं सोडायला लावून हाकलण्यात आलं, त्याची ही हकीकत. काही गावांत हुकूम निघाला होता की जाताना घराच्या किल्ल्या दारातच ठेवून जा. जेत्या देशांनी कागदावर लिहिलं होतं की हे काम शिस्तीत आणि माणुसकीने व्हावं. असली वाक्यं लिहिणारे वकीलच असतात, मी ओळखतो ना आमची जात.

पुण्याच्या एका प्रकाशकाने हस्तलिखित परत करताना विचारलं होतं, बुलढाण्याच्या वकिलाला जर्मनीचं काय पडलंय? पुस्तक मग पदरच्या पैशाने छापलं, पण त्याला उत्तर दिलं नव्हतं, ते इथे देतो. माझी पहिली पक्षकार सिंधूताई. तिच्या गल्लीतल्या एका माणसाने खून केला आणि गावाने अख्खी गल्ली हाकलली. घराचं कुलूप तोडायला माणसं आली तेव्हा ती म्हणाली, "कुलूप काऊन तोडता, हे घ्या किल्ली." खून करणाऱ्याला फाशी व्हावी असं तिलाही वाटत होतं. पण खुनाच्या दिवशी ती भाकरी थापत होती, एवढंच तिचं म्हणणं. तो दावा मी हरलो. पुढे एका जुन्या ग्रंथात तो जर्मन गावचा हुकूम वाचला आणि मला तिचीच किल्ली दिसली. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्यांना शिक्षा, एवढाच माझ्या पुस्तकाचा विषय आहे.

५. पहिलं प्रकरण जर्मनीने ज्यूंचं, पोलिश लोकांचं आणि इतरांचं, त्यांच्या लेकरांचंही, काय केलं त्यावर आहे. मधली प्रकरणं हाकलण्याचे हुकूम, करार, गाड्या यांवर. शेवटचं, वाटेत मेलेल्यांवर. प्रा. दयाराम अंभोरे इथल्या कॉलेजात इतिहास शिकवत. त्यांनी पुस्तकावर जे लिहिलं ते माझ्या छातीत अजून आहे: "चेके वकिलांनी जर्मनांचं वकीलपत्र घेतलं आणि ज्यूंना नुसती प्रस्तावना दिली." मेलेल्यांच्या आकड्यावरूनही आमचं कधी जमलं नाही. मी मोठा आकडा धरला, ते म्हणाले तो सरकारी आणि फुगवलेला आहे. वर्तमानपत्रात भांडलो, लग्नाच्या पंगतीत भांडलो, मग बोलणंच बंद झालं. तरी एक सांगतो, त्यांनी पुस्तक शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचलं होतं. असा वाचक शत्रू म्हणून मिळाला तरी भाग्यच.

६. गेल्या वर्षी एक मंडळ घरी आलं. हार, शाल, सगळं. त्यांना फक्त मधली प्रकरणं छापायची आहेत. पहिलं नको, शेवटचंही नको. मी विचारलं, कशासाठी? त्यांचा पुढारी हसून म्हणाला, "एवढे लोक हाकलता येतात, हे लोकायले समजलं पाहिजे ना साहेब." जे पुस्तक मी सिंधूताईसाठी लिहिलं ते हे लोक तिची गल्ली रिकामी करायला वापरणार. मी शाल परत केली. गोकुळने मात्र माझ्यामागे त्यांना शब्द दिला, की आबांनंतर पुस्तक तुमचंच. गोकुळ वाईट पोरगा नाही. त्याला मान मिळाला, त्यात तो विरघळला. त्याने पुस्तक वाचलेलं नाही.

७. म्हणून त्या पुस्तकाचे सर्व हक्क आणि लोखंडी कपाट, आतल्या प्रती व टिपणांसह, मी प्रा. दयाराम अंभोरे यांना देतो. अटी अशा: एकही प्रकरण गाळू नये. आकडे दोन्ही छापावेत, माझाही आणि त्यांचाही. माझ्याविरुद्ध हवी तेवढी मोठी प्रस्तावना त्यांनी लिहावी. आणि गोकुळ ज्या दिवशी पुस्तक पुरं वाचून, पानांचे नंबर सांगून त्यांच्याशी भांडायला जाईल, त्या दिवसापासून त्याला हक्कात निम्मा वाटेकरी करावं. भांडणाची परीक्षा दयाराम सरांनी घ्यावी, त्यांना सराव आहे.

त्यांना निरोप धाडला तेव्हा ते आले, पण बसले नाहीत. म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचं पुस्तक मले आजही पटत नाही."

"माहीत आहे."

"मंग मले काऊन देऊन राह्यले?"

"तुम्हाला पटत नाही, तरी तुम्ही पान फाडणार नाही. ज्यांना पटतं ते फाडून राह्यले."

मग ते बसले. जयमालाने चहा ठेवला. कपाटाची किल्ली मी तिथेच त्यांच्या हातात दिली.

८. वरची सात कलमं आज सह्यांपूर्वी घरच्यांना आणि दयाराम सरांना वाचून दाखवली. घडलं ते नोंदवतो. गोकुळ उठून उभा राहिला. "मी त्यायले शब्द देऊन बसलो, आबा. आता कोणत्या तोंडानं जाऊ? आई, तू सांग ना यायले."

जयमाला पुस्तकाबद्दल कधी बोलत नाही. हस्तलिखिताची पक्की प्रत मात्र सगळी तिच्या हातची आहे. ती म्हणाली, "पहिलं प्रकरण म्या उतरवलं गोकुळ. त्या लेकरायच्या पानावर माहा हात चालेना. तू मांडीवर झोपेल होता तवा. ते पान काढून देतो म्हणलास तू त्यायले?"

मला वाटलं गोकुळ निघून जाईल. त्याने दयाराम सरांपुढे हात केला आणि म्हणाला, "सर, किल्ली द्या. एक प्रत काढाची हाय."

सरांनी किल्ली दिली आणि बजावलं, "वाचून झालं का आणून देजो." त्यामुळे कपाट दयाराम सरांचं असलं, तरी सह्यांच्या वेळी किल्ली गोकुळकडे होती, याची नोंद असावी.

दयाराम सर साक्षीदार व्हायला तयार होते. ज्याला मिळतं त्याने साक्ष करू नये, हे मी पक्षकारांना सांगत आलो, म्हणून त्यांना थांबवलं. खालील दोघांनी मला सही करताना पाहिलं आणि माझ्यासमोर आपापल्या सह्या केल्या.

लिहून ठेवणार: निवृत्ती भगवानराव चेके (सही)

साक्षीदार:
१. रवी नामदेव सोळंके, रा. जानेफळ (सही)
२. पुष्पांजली विठ्ठल जायभाये, रा. सुलतानपूर (सही)

ठिकाण: मेहकर, जि. बुलढाणा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५