ढब्बूची नवी जागा

प्रिय धाकटे,

तुझे चार फोन मी उचलले नाहीत. दुकानात गर्दी होती म्हणून सांगता आलं असतं, पण चष्म्याच्या दुकानात एवढी गर्दी कधी नसते हे तुलाही ठाऊक आहे. तेव्हा थापा नकोत, पहिल्यापासून लिहिते.

तुमचं तिघांचं जुनं घर सोडून बाबा आणि ढब्बू माझ्याकडे आले त्याला अडीच महिने झाले. बाबा दोन दिवसांत रुळले. ढब्बू मात्र पहिल्याच दुपारी माझ्या पलंगाशेजारच्या गालिच्यावर निवांत मुतून मोकळा झाला. आठ वर्षांचं शहाणं कुत्रं! तिकडे मागच्या दाराला नाक घासायचा, कुणी दार उघडलं की झाडाखालच्या मातीत जाऊन यायचा. इथे तिसरा मजला, दाराबाहेर जिना, खाली डांबर. खाली नेलं की अर्धा तास नुसता माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा, आणि वर आलं की गालिचा. गालिचा उचलला तर पायपुसणं, पायपुसणं उचललं तर बाबांची चटई.

बाबा म्हणायचे, “धाकटी त्याला अंगणात काहीतरी म्हणायची बघ, ते ऐकलं की लगेच व्हायचं त्याचं.” काय म्हणायचीस ते त्यांना आठवेना. तुला एक फोन केला असता तर काम झालं असतं. मी तीन आठवडे फरशी पुसली, पण तुला विचारलं नाही. माझ्या घरातलं कुत्रंसुद्धा तुझ्या शब्दावर चालावं, हे मला सहन होईना. हसशील तू. पण बाबांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर नेहमी तू असायचीस आणि मागे मी. त्यांच्या सगळ्या गोष्टी पुढे चालायच्या. मला पाठ दिसायची, आणि तुझं हसणं ऐकू यायचं.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, “कुत्रं बिघडलेलं नाही. नव्या घरात ‘बाहेर’ कुठून सुरू होतं तेवढंच त्याला कळलेलं नाही. पिल्लू समजून पुन्हा शिकवा.” मग मी शिकवायला बसले. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि मध्ये दर दोन तासांनी त्याला खाली न्यायचं. दरवेळी तीच जागा, फाटकाशेजारची भिंतीकडेची मातीची पट्टी. ओरडायचं नाही. झालं की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ. घरातले डाग पाण्यात व्हिनेगर घालून पुसायचे, आणि मुताने भिजलेला कापडाचा एक बोळा मात्र त्या पट्टीवर नेऊन ठेवायचा, म्हणजे वासावरून त्याला उमगेल. मालकांच्या हातापाया पडून दुकानातून दुपारी तासभर सुटी मागून घेतली. धावत घरी, तीन मजले वर, कुत्र्याला घेऊन तीन मजले खाली. एकदा घाईघाईत एका आजोबांच्या चष्म्याला उजवी काच डावीकडे बसवून दिली. मालक काय बोलले ते लिहीत नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी ढब्बूने पट्टी हुंगली, दोन गिरक्या घेतल्या आणि पाय वर केला. मी भररस्त्यात टाळ्या वाजवल्या. समोरून येणारी बाई दचकून पलीकडच्या बाजूला गेली. मी तशीच धापा टाकत वर गेले आणि बाबांना सांगितलं. बाबांचा चेहरा असा फुलला! म्हणाले, “अगं, आधी धाकटीला कळव. तिला केवढा आनंद होईल!”

मी चहा टाकायला आत गेले आणि नळ सोडून रडले. त्याच संध्याकाळी तुझा निरोप आला. “अंगणवालं घर मिळालंय, बाबांना आणि ढब्बूला माझ्याकडे पाठव, तुझी आता सुटका.” सुटका हा शब्द मी कितीदा वाचला कोण जाणे. बाबांकडे स्वतःचा फोन नाही, हे त्या क्षणी मला किती बरं वाटलं, तेही लिहूनच टाकते. मी त्यांना काही सांगितलं नाही. आज सोळा दिवस झाले.

सांगितलंही नसतं कदाचित. पण काल मी भाजी चिरत होते, तेव्हा बाबा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “धाकटीचा इतक्यात फोन नाही, माझ्यावर रागावली आहे का गं? तिला सोडून तुझ्याकडे आलो, असं तर नाही वाटलं तिला?” रोज रात्री हा माणूस त्याच विचारात झोपत होता आणि मी पलीकडच्या खोलीत स्वस्थ होते. मी सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “पोरी, मला विचारायचंस तरी.” आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

जायचं की राहायचं, ते त्यांनी मला सांगितलेलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नाही. म्हणून हे पत्र. रविवारी ये आणि तूच विचार त्यांना. ते जे म्हणतील ते मला कबूल. दोघं निघाले तर त्यांचं सामान मी स्वतः बांधीन. फक्त एक कर. बेल वाजली की ढब्बू तुझ्या अंगावर झेप घेईल, बाबा हातातलं टाकून दाराकडे येतील. मी स्वयंपाकघरात असेन. पाच मिनिटं मला हाक मारू नकोस. मग मी आपणहून बाहेर येईन.

तुझीच, हेवेखोर,
ताई