दादाचा ॲम्प्लिफायर, माझे स्पीकर

३ मार्च, मंगळवार
थोरल्या बहिणीचा, आक्काचा फोन. रविवारी येते म्हणाली. वर म्हणाली, नानांचा गाण्यांचा सेट जोडून ठेवा, दोघा भावांनी मिळून. मेलो!

सेटची वाटणी तिनेच केली होती. वडील, म्हणजे नाना गेले, घराच्या मधोमध भिंत घातली, भांडीकुंडी वाटून झाली आणि सेटवरून मी न् दादा हातघाईवर आलो. तेव्हा आक्का म्हणाली, ॲम्प्लिफायर थोरल्याला, उभे स्पीकर धाकट्याला. ऐकावंसं वाटलं की जा एकमेकांकडे. कुणी गेलं नाही. बोलणंही तेव्हापासून बंद.

आणि माझे स्पीकर? वाळवीने खाल्ले. उरलेला भुसा बायकोने भंगारात दिला. आक्काला काय दाखवू? ती ऐंशीची झाली, तरी तिच्यासमोर मी अजून शाळकरी पोर.

४ मार्च, बुधवार
जुन्या मालाच्या दुकानात गेलो. कमरेइतके उंच, तपकिरी, पुढे जाळीचं कापड – असे दोन स्पीकर मागितले. दुकानदार म्हणाला, "काका, ॲम्प्लिफायर कुठला?" म्हटलं, भावाचा. तो म्हणाला, तसं नाही, किती वॅटचा, किती ओहमचा? ओहम जुळले नाहीत तर ॲम्प्लिफायर तापून जळतो म्हणे.

झालं! म्हणजे दादाचा ॲम्प्लिफायर मी जाळणार, तोही आक्कादेखत. जेवण गेलं नाही.

५ मार्च, गुरुवार
बायकोला वहिनीकडे पाठवलं. त्या दोघी बोलतात; वैर आम्हा दोघांचं. म्हटलं, ॲम्प्लिफायरच्या पाठीवर काय लिहिलंय ते सहज विचारल्यासारखं विचार.

"सहज? बायका सहज ओहम विचारतात?" म्हणाली. तरी गेली.

वहिनी म्हणाली, तो झाकून ठेवलाय, उद्या बघून सांगते. आणि उलट हिलाच विचारलं, तुमच्या स्पीकरच्या पाठीवर काय लिहिलंय? हिने थाप मारली, भिंतीला टेकलेत, उद्या हलवून बघते.

दादाला संशय आलाय. नक्की आलाय.

६ मार्च, शुक्रवार
कपडे वाळत घालताना वहिनीने सांगितलं – आठ ओहम, पन्नास वॅट. हिनेही ठोकून दिलं, आमचेही आठच. मी चपला उलट्यासुलट्या घालून दुकानात.

आठ ओहमच्या दोनच जोड्या. एकीच्या पडद्याभोवतीची फोमची कड बोट लावताच भुगा झाली. दुसरी धडधाकट, पण भलतीच उंच, माझ्या छातीला लागते. विचारलं, खालून थोडे कापून मिळतील?  दुकानदार हळूच म्हणाला, "आवाज कापला जाईल, काका." तेच घेतले. आक्का गेली की परत आणून देईन, असं आधीच ठरवून घेतलं.

घरी हिला समजावलं – म्हातारपणी माणूस आखडतो. आक्काला वाटेल, स्पीकर तेवढेच आहेत, आपणच खुजे झालो.

"मग दार नाही मोठं झालं ते?" म्हणाली. हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.

७ मार्च, शनिवार
दिवसभर स्पीकरवर धूळ बसायची वाट बघितली. बसत नाही. एरवी घरभर!

८ मार्च, रविवार
आक्का आली. खुर्ची मधोमध ओढून बसली. मग दादा आला. इतक्या वर्षांनी आमच्या दारातून आत! ॲम्प्लिफायर चादरीत गुंडाळून, बाळंतिणीने बाळ आणावं तसा. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही. वायरी जोडताना आमची डोकी आपटली, दोघांनी आपापलं चोळलं.

ॲम्प्लिफायर मात्र त्याने राखलाय छान. आरशासारखा लखलखीत. मला माझीच लाज वाटली.

मी बादली भरून ठेवली होती. विजेवर पाणी ओतून सगळ्यांना मारणार का, म्हणून बायकोने ती उचलली. मग वाळू आणली.

आक्काने आपला मोबाईल जोडायला लावला. नानांना आवडायचं ते व्हायोलिन लागलं. खोली भरून गेली म्हणे. मी काही ऐकलं नाही, माझा हात ॲम्प्लिफायरच्या झाकणावर. कोमट होता. दादा माझ्या स्पीकरला कान लावून बसलेला, घामाने थबथबलेला. मला वाटलं, फाटका आवाज शोधतोय, आक्काला दाखवायला.

आक्काने डोळे मिटले होते. म्हणाली, "अगदी तोच आवाज रे."

मला खोकला आला. दादालाही आला.

जाताना दटावून गेली, आता वेगळं करू नका. तिची पाठ वळताच दादाने ॲम्प्लिफायर गुंडाळला आणि नेला.

९ मार्च, सोमवार
पोटभर जेवलो.

१० मार्च, मंगळवार
हातगाडीवर स्पीकर घालून दुकानात परत न्यायला गेलो. आत एक म्हातारा पाठमोरा, काखेत चादरीचं बोचकं, हातात याच दुकानाची पावती. दादा!

आम्ही दोघेही दुकानदाराकडेच बघत होतो. तो एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे. शेवटी दादाच बोलला. माझ्याशी!

"आणि आक्का परत आली तर?"

बोचकंही हातगाडीवर ठेवलं. कुणाच्या घरात उतरवायचं, ते वाटेत ठरलं नाही. गाडी दोन दारांच्या मधे उभी आहे. गाडीवाला वैतागलाय.