भागीरथाबाईंची बिनलेबलाची कॅसेट

माझ्या माहितीतले अकोल्याचे शेवटचे रेकॉर्ड-कॅसेटचे दुकान मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी बंद झाले. दुकानाचा मालक आणि माझा जुना भागीदार नागसेन वाकोडे याने त्याच संध्याकाळी फोन करून मला हे स्वतः सांगितले. "शटर वढलं, दिनकरभाऊ," तो म्हणाला. "आता तिथं मोबाईलचे कव्हर इकणारा येऊन राहिला." मग म्हणाला, "दुकान खाली करताना मायच्या कॅसेटीसाठी सारे खोके पाह्यले गा. नाईच भेटली."

ती कॅसेट त्या खोक्यांत असणे शक्य नव्हते. ती कुठे गेली हे मला एकोणचाळीस वर्षांपासून माहीत आहे. म्हणून मी हे मृत्युपत्र नव्याने लिहीत आहे.

माझ्या वकील रूपाली भुयार म्हणाल्या, "काका, मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते." वर्तमानपत्राच्या डेस्कवर पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ताजी गोष्ट खाली ढकलता येत नाही. त्यांच्या समाधानासाठी आवश्यक तो मजकूर आता देतो.

मी, दिनकर पंजाबराव धांडे, वय ७१ वर्षे, निवृत्त उपसंपादक, राहणार राजापेठ, अमरावती, हे पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मला साखर आहे आणि डाव्या कानाने कमी ऐकू येते. बाकी डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर हे लिहायला इतकी वर्षे लागली नसती. सन २०१४ मध्ये केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी सहावे कलम लिहिले नव्हते.

१. राजापेठेतील राहते घर माझ्या पत्नी दुर्गा यांचे राहील, आणि त्यांच्या पश्चात मुलगा कुलदीप याचे. कुलदीप पुण्यात असतो. त्याने घर विकायचे ठरवले तर माझी हरकत नाही, फक्त दुर्गाच्या हयातीत विषय काढू नये. मागच्या अंगणातला कढीपत्ता शेजारचे लोक नेतात, तो त्यांना नेऊ द्यावा.

२. बँकेतील ठेवी दुर्गाच्या. वडिलोपार्जित शेत भावाच्या मुलांना आधीच लिहून दिले आहे, त्यावर कोणी हक्क सांगू नये.

३. 'पंजाब रेकॉर्ड्स' ही पाटी. सन १९८० ते १९९९ या काळात राजापेठेत मी आणि नागसेन यांनी मिळून हे दुकान चालवले. जागा मिळवून देण्यासाठी माझ्या वडिलांनी खटपट केली, म्हणून त्यांचे नाव दिले. बाहेरगावचे लोक आत येऊन पंजाबी गाणी मागत, आणि नागसेन गंभीर चेहऱ्याने सांगे, "पंजाबराव मागच्या खोलीत झोपले हायेत, उठले की गातीन." मी संध्याकाळी पेपरला जाई. दिवसभर काउंटर आणि रेकॉर्डिंगचे यंत्र तोच सांभाळी. त्या पाटीवर त्याचेही नाव असायला हवे होते. तेव्हा ते मला सुचले नाही आणि त्याने मागितले नाही.

जागेच्या मालकांनी आम्हाला काढून तिथे शिकवणीचे वर्ग घातले आणि आमची पाटी गच्चीवरच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवली. ती अजून तिथे आहे. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून दिसते. मालकांना मी माफ केले असे लिहावे, हा दुर्गाचा आग्रह आहे. लिहितो: केले. पाटी मात्र कुलदीपने उतरवून आणावी आणि टाकीला दुसरे झाकण करून द्यावे.

४. माझ्याकडे सहाशे चाळीस रेकॉर्डी आहेत. मागच्या वर्षी कुलदीप म्हणाला, "बाबा, हे सगळं आता मोबाईलवर आहे." खरे आहे. पण आमच्या दुकानात गाणे नुसते मिळत नसे. ते मागावे लागे, आणि मागताना माणूस काहीतरी बोलून जाई. जंगल खात्याचे एक गार्ड परतवाड्याहून बाजाराच्या दिवशी येत, एकच रेकॉर्ड उभ्याने ऐकत आणि न घेता जात. दोन वर्षे हे चालले. एकदा नागसेनने विचारले, "साहेब, घेऊन काहून जात नाई?" ते म्हणाले, "घरी लावली तं बायकोले समजीन ना, कोनाची आठवन येते." त्या माणसाचे दुःख मोबाईलवर नाही.

अमरावतीत तेव्हा अशी पाच दुकाने होती. अकोल्यात चार, आणि परतवाड्यात एक, तेही अर्धे रेडिओ दुरुस्तीचे. एका जागी आता औषधे मिळतात, एका जागी चपला. बाकीच्यांच्या जागा मला नक्की दाखवता येणार नाहीत. रस्ता रुंद झाला.

रेकॉर्डी माझी नात प्रणाली हिला द्याव्यात. तिने पुण्यात रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र घेतले आहे आणि ती फोन करून "आबा, सुईला धूळ लागली की काय करायचं?" असे विचारते. घरात असा प्रश्न विचारणारी ती एकटीच आहे. कोणत्याही हॉटेलाच्या भिंतीवर शोभेसाठी या रेकॉर्डी ठोकल्या जाऊ नयेत.

५. पत्र्याच्या पेटीतील याद्या. लोक आवडीच्या गाण्यांची यादी कागदावर लिहून आणत आणि आम्ही ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून देत असू. कागदावर नाव, गाव आणि कधी पाहिजे ते लिहिलेले असे. या याद्या मी टाकल्या नाहीत. वह्यांची पाठकोरी पाने, लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजू, एक तर बियाण्याच्या पिशवीवर लिहिलेली. त्याही प्रणालीला द्याव्यात, एक सोडून. ती एक यादी कोणती, हे पुढच्या कलमात आहे.

६. हे कलम कोणी वगळू नये.

मे १९८६ मध्ये नागसेनने त्याच्या आईला, भागीरथाबाईंना, दुकानात आणले. त्या जात्यावरच्या ओव्या म्हणत आणि जयंतीला भीमगीते. त्यातली काही त्यांनी स्वतः जुळवली होती. त्यांना लिहिता येत नव्हते, त्यामुळे ती फक्त त्यांच्या तोंडी होती. मागच्या खोलीत पंखा बंद करून आम्ही साठ मिनिटांची कॅसेट लावली. भागीरथाबाई यंत्राकडे पाहत म्हणाल्या, "ह्या डब्यात माहा आवाज राहीन का रे बाबू? अन् चुकलं तं पुसता येते का?"

नागसेन म्हणाला, "येते, माय. पन मी पुसू देत नाई."

कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकचे दोन छोटे चौकोन असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर दुसरे काही भरता येत नाही. आम्ही त्याला दात पाडणे म्हणत असू. दोन्ही बाजू भरून आईचे गाणे संपल्याबरोबर नागसेनने स्क्रू-ड्रायव्हरने दोन्ही दात पाडले, कॅसेट माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "भाऊ, लेबल तुमी लिवा. तुमचं अक्षर चांगलं हाये." दुकानातली सगळी लेबले मीच लिहीत असे. मी हो म्हटले आणि कॅसेट फळीवर ठेवली. तीन आठवडे लेबल लिहिले नाही. रोज दुसऱ्यांच्या बातम्या वेळेत देणाऱ्या माणसाला पाच शब्दांना सवड झाली नाही.

लग्नसराई होती. नागपूरहून कोऱ्या कॅसेटचा माल आला नव्हता. नागसेन जेवायला घरी गेला होता. परतवाड्याच्या पार्बताबाई गावंडे मुलीच्या लग्नासाठी अकरा गाण्यांची यादी घेऊन दुपारी आल्या. "भाऊ, हळद उद्या हाये अन् माही एसटी पाचची हाये. काईबी करा." मी फळीवरून एक बिनलेबलाची कॅसेट काढली. तिचे दात पाडलेले होते. एखादी कॅसेट परत आली तर त्या भोकांत कागदाचा बोळा घालून आम्ही ती पुन्हा वापरत असू. मी बोळा घातला. आधी एकदा वाजवून पाहायला दोन मिनिटे लागली असती, पाहिले नाही. पार्बताबाईंना पाचची गाडी मिळाली.

मला कळले ते दुसऱ्या दिवशी, लेबल लिहायला बसलो तेव्हा.

पोळ्यानंतर भागीरथाबाई गेल्या. तेराव्या की चौदाव्या दिवशी नागसेनने कॅसेट मागितली. मी म्हणालो, "तू घरी नेली ना?" त्याने घर शोधले. मग म्हणाला, "ज्योत्स्नानं तं नेली नसंल, भाऊ?" ज्योत्स्ना ही त्याची धाकटी बहीण, अकोल्याला दिलेली, आईच्या आजारपणात येऊन राहिली होती. तेव्हा मी दोन शब्द बोललो. मी म्हणालो, "विचारून पाहा."

त्याने विचारले, तेही तिच्या सासरी, सासूसमोर. मी सोबत होतो. ज्योत्स्ना म्हणाली, "मायच्या आवाजाची चोरी कराले मी काय परकी हाये का, दादा? निंघ इथून." मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो. पुढे आमचे दुकान गेल्यावर नागसेनने अकोल्यात स्वतःचे दुकान काढले, ते तिच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. ती त्या दुकानाची पायरी एकदाही चढली नाही. दोघांच्या मुलांच्या लग्नांत दोघे दोन टोकांना बसले. मी दोन्हीकडे जेवलो.

कॅसेट पुसली ही चूक होती. ती मला कोणीही माफ केली असती, बहुतेक त्याच आठवड्यात. "विचारून पाहा" ही चूक नव्हती.

दुर्गाला मी हे १९९१ मध्ये सांगितले. तेव्हापासून वर्षातून एकदा, भाजी निवडता निवडता, ती विचारते, "सांगतलं का नागसेनभाऊले?" आणि माझे उत्तर ऐकून न घेता भाजी निवडत राहते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लिहिताना मला जास्त लाज वाटते. कॅसेट साठ मिनिटांची होती. अकरा गाणी पाऊण तासात संपली. म्हणजे दुसऱ्या बाजूच्या शेवटी पंधराएक मिनिटे भागीरथाबाई तशाच असणार. पार्बताबाई तक्रार घेऊन कधी आल्या नाहीत. एक तर त्यांनी कॅसेट शेवटपर्यंत वाजवली नाही, किंवा वाजवली आणि त्या बाईला गाऊ दिले. त्यांची यादी, नाव-गावासह, तेव्हापासून माझ्या पेटीत आहे. शोधायला गेलो असतो तर का शोधतो हे सांगावे लागले असते.

नागसेनचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी परतवाड्याच्या जुन्या वार्ताहराला नाव सांगितले. त्याने अर्ध्या तासात नंबर दिला. अर्ध्या तासाच्या कामाला मी एकोणचाळीस वर्षे लावली. पार्बताबाई आता नाहीत. त्यांच्या सूनबाई गीतांजली फोनवर म्हणाल्या, "आत्याबाईच्या कॅसेटी माळ्यावर हायेत, काका. उंदरानं ठेवल्या असतीन तं. या तुमी."

७. रेकॉर्डिंगचे जुने यंत्र आणि वरील यादी नागसेन व ज्योत्स्ना या दोघांना मिळून द्यावी, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. रूपाली यांनी ते वाचले आणि पेन खाली ठेवले. "काका, हे तुम्ही गेल्यावर वाचलं जाईल. तेव्हा तुम्ही सुटलेले असाल. ते दोघं कोणाशी भांडतील?"

मी म्हणालो, मग काय करू?

"साक्षीदार दोन लागतात," त्या म्हणाल्या. "साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही. पण वाचू नये असंही नाही. फक्त साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नका, पुढे वाद होतो."

त्यामुळे साक्षीदार तेच दोघे आहेत, आणि या कलमान्वये त्यांना काहीही दिलेले नाही. यंत्राला नवा पट्टा बसवून घेतला आहे. यंत्र आणि यादी मी माझ्या हाताने देईन, त्यांनी घेतली तर.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. रूपाली भुयार यांनी करावी. दोघांपैकी कोणी सही न करता उठून गेले तर हा कागद कायद्याने निकामी ठरेल, याची त्यांनी मला स्पष्ट कल्पना दिली आहे. तसे झाल्यास सन २०१४ चे मृत्युपत्रच लागू राहील. सहावे कलम तरीही खरेच राहील.

ठिकाण: राजापेठ, अमरावती
मजकूर पूर्ण केल्याची तारीख: शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: दिनकर पंजाबराव धांडे
सही: (उद्या, दोघांसमोर)

साक्षीदार १: नागसेन वाकोडे, वय ६८, अकोला
सही:

साक्षीदार २: ज्योत्स्ना तायडे, वय ६४, निवृत्त शिक्षिका, अकोला
सही:

नागसेनला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "सहीच ना? येतो. वहिनीले भाकर-ठेचा सांगून ठेवा." ज्योत्स्ना म्हणाली, "साक्षीदाराले काई भेटत नाई ना? मंग येतो मी." दुसरा साक्षीदार कोण, हे दोघांनीही विचारले नाही. दोघांनी सांगितलेली अकोल्याहून सकाळची गाडी एकच आहे, आणि उद्या साडेदहाच्या सुमारास दोघे बडनेरा स्टेशनवर उतरतील. अकराच्या आत दोघेही दारात असावेत. दुर्गाने तीन खुर्च्या टेबलाभोवती लावल्या आहेत. सहावे कलम मी स्वतः मोठ्याने वाचणार आहे. परतवाड्याची जीप दोन वाजता आहे. तिच्यात मी तीन जागा सांगून ठेवल्या आहेत.